लष्करी ताब्यातील घराचा चित्रपट कसा पाहावा

इस्रायली सैनिकांनी ताबा घेतलेल्या एका पॅलेस्टिनी घराची गोष्ट सांगणारा, साव्हेरिओ कोस्तान्झो यांचा २००४ सालचा ‘प्रायव्हेट’ हा इटालियन चित्रपट पाहण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी समजून घ्यावी. वेस्ट बँक हा पॅलेस्टिनी प्रदेश १९६७ पासून इस्रायली लष्कराच्या ताब्यात असून, इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो करारानुसार त्याचे अ, ब आणि क असे विभाग पडले आहेत; त्यांपैकी क विभागात सुरक्षा आणि बांधकामाचे परवाने हे दोन्ही इस्रायलच्या हाती आहेत. सुरुवातीला एवढे पुरेसे आहे.

चित्रपट सुरू झाल्यावर प्रथम घराची रचना मनात पक्की करावी. वरचा मजला सैनिक बळकावतात आणि पॅलेस्टिनी कुटुंबाला रात्री खालच्या एकाच खोलीत कोंडले जाते. त्यामुळे जिना, दार आणि कुलूप यांवर लक्ष ठेवले, तर सत्ता कोणाची आहे हे संवादांआधीच कळू लागते. घर न सोडण्याचा वडिलांचा निर्णय लगेच योग्य किंवा अयोग्य ठरवू नये, तर पत्नीवर आणि प्रत्येक मुलावर त्याचा कसा परिणाम होतो, हे वेगवेगळे पाहावे, कारण माझ्या मते चित्रपटाचे खरे बळ याच मतभेदांत आहे. मुलगी मरियम कपाटात लपून सैनिकांना न्याहाळते, तेव्हा तीही माणसेच आहेत हे जाणवते. मात्र त्यामुळे घरावरचा अन्याय तसूभरही कमी होत नाही, याचे भान सुटू देऊ नये.

वडिलांची भूमिका करणाऱ्या मोहम्मद बाकरी यांना लोकार्नो महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला. उपशीर्षके वाचताना त्यांचा चेहरा निसटतो, म्हणून त्यांचे प्रसंग पुन्हा एकदा पाहावेत.