पंप भरायच्या आधीची वही

२०१७ च्या सप्टेंबरात फवारणीनंतर यांना दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "काय मारलं होतं?" मी म्हटलं, "औषध." "कोणतं?" मला सांगता आलं नाही. पंपात तीन बाटल्यांमधलं पडलं होतं, एवढंच माहीत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ, बनियन घामानं चिंब. हे वाचले. त्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो भरती झाले. तेव्हापासून आमच्याकडे आधी वही निघते, मग पंप. ती कशी भरायची ते सांगते.

जे जे पंपात पडणार ते सगळं अंगणात ओळीनं मांडा. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, औषध पानाला चिकटवणारं स्टिकर, काहीच सोडू नका. ब्रँडच्या मोठ्या नावाकडे बघू नका. खाली बारीक अक्षरात घटकाचं नाव आणि टक्के असतात, ते उतरवून घ्या. अक्षर लागत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. दोन ब्रँडच्या बाटल्यांत एकच विष निघतं, आणि कधी एकाच बाटलीत दोन. 'प्रोफेनोफॉस ४० टक्के + सायपरमेथ्रिन ४ टक्के' हे आमच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, नेहमी मारलं जाणारं. कृषी केंद्रातून बाटली एक आणली, विषं दोन आली.

मग लेबलवरचा रंगाचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, निळा, हिरवा. त्रिकोण त्या एकट्या बाटलीपुरता खरा असतो. तुम्ही बादलीत जे कालवता त्याला त्रिकोणच नसतो. म्हणून लेबलवर मिसळायला सांगितलेलं नसेल तर मिसळायचं नाही, दुकानदार कितीही म्हणो.

आता गट पाडा. नावाच्या शेवटी 'फॉस' आलं, जसं प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्विनॉलफॉस, तर तो एक गट. ॲसिफेटच्या शेवटी फॉस नाही, पण तेही याच घरातलं. हा गट अंगातलं कोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) बंद पाडतो, आणि मग नसांना मिळालेला इशारा थांबतच नाही. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशी 'थ्रिन'वाली दुसऱ्या गटात.

एकाच गटातली दोन-तीन आली तर सरळ बेरीज करायची. प्रत्येकाची सुरक्षित मर्यादा एक रुपया धरा. तिघांचे आठ-आठ आणे अंगात गेले. एकेक बघितलं तर कोणीच मर्यादा ओलांडली नाही, पण खर्च दीड रुपया झाला. शास्त्रज्ञही असंच करतात. अंगात गेलेल्या मात्रेला सुरक्षित मात्रेनं भागतात, सगळे आकडे मिळवतात, आणि बेरीज एकच्या वर गेली की धोका धरतात.

गट वेगळे असले तरी निर्धास्त राहू नका. थ्रिनचं विष मोडून काढणारी विकरं आपल्या अंगात असतात, आणि फॉसवालं विष नेमकी त्यांनाच अडवतं. मग थ्रिनची नेहमीचीच मात्रा अंगाला जास्त बाधते. १९७६ साली पाकिस्तानात मलेरियाच्या फवारणीत मॅलाथिऑनमुळे सुमारे २,८०० कामगार आजारी पडले, पाच जण दगावले. मॅलाथिऑन फॉसवाल्यांच्याच गटातलं, पण सौम्य मानलं जातं. पण त्या मालात साठवणुकीतल्या उष्णतेनं आयसोमॅलाथिऑन नावाचं दुसरं विष तयार झालं होतं, आणि त्यानं मॅलाथिऑन पचवणारी विकरं अडवली. टिनाच्या छपराखाली तापलेली मागच्या सालची बाटली मी म्हणूनच वापरू देत नाही.

वहीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना तारखेचा. मिश्रण पंपात होतं तसं अंगातही होतं. फॉसवाल्या विषानं रक्तातल्या तांबड्या पेशींमधलं कोलिनएस्टरेज खाली गेलं की ते दिवसाला साधारण एक टक्क्यानं भरतं. म्हणजे सोमवारी एकाच्या वावरात, बुधवारी दुसऱ्याच्या, असा पंपामागे पैसे घेणारा मजूर दर वेळी आधीच रिकामा झालेला असतो. त्याची वही वावरागणिक नको, माणसागणिक हवी. जमलं तर हंगामाआधी रक्ताची कोलिनएस्टरेज तपासणी करून आकडा पहिल्या पानावर लिहा. प्रत्येकाचा मूळ आकडा वेगळा असतो, त्यामुळे नंतरचा आकडा त्याच्याशीच ताडायचा. पाचवा हिस्सा घटला तरी फवारणी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

शेवटी विष अंगात किती शिरेल ते बघा. २०१७ साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि बॅटरी पंपाचा बारीक तुषार तोंडावरच येत होता. ढगाळ, दमट हवा, वर पाठीवर गळणारा पंप. घामानं भिजलेल्या कातडीतून विष लवकर आत जातं. पीक छातीच्या वर असेल, वारा समोरचा असेल किंवा पंप गळत असेल, तर बेरीज कितीही लहान आली तरी आमच्याकडे पंप उचलत नाहीत. आणि बायांनो, आपलाही रकाना ठेवा. यांचे कपडे मी हातानं धुतले त्या रात्री माझे डोळे चुरचुरत होते, अंधुक दिसत होतं. ते कोणीच हिशोबात धरलं नव्हतं. आता हातमोजे घालते, ते कपडे वेगळे धुते, आणि फवारलेल्या वावरात निंदायला कधी गेले तेही लिहिते.

भोवळ, मळमळ, अंधुक दिसणं, छाती भरून येणं, यातलं एक जरी झालं तरी काम तिथंच थांबवा. कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, १०८ ला फोन लावा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. फॉसवाल्या विषावर ॲट्रोपिन आणि पॅम ही औषधं आहेत, थ्रिनवर तसा खास उतारा नाही. म्हणून डॉक्टरांना पंपातल्या दोन्ही विषांची नावं लागतात. रिकाम्या बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वहीसोबत न्या.