जुन्या बसमध्ये कमिन्स बसवताना

आमच्या जुन्या टाटा बसमध्ये ६९७ मॉडेलचं बिनटर्बो इंजिन होतं, म्हणजे जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो नसलेलं. नागपुरात सपाटीवर ठीक, पण छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानी घाट लागला की दम तोडायची. म्हणून ५.९ लिटरचं टर्बोवालं कमिन्स कंपनीचं इंजिन घेतलं.

आधी आरटीओची परवानगी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार ती लागते. नवा इंजिन नंबरही आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकात, चढवावा लागतो. ‘चालतं ना भाऊ’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

माउंटिंग, क्लच ही कामं नागपूरजवळच्या वाडीच्या मिस्त्रीनं सहज उरकली. डोकं खाल्लं रेडिएटरनं. आपल्याकडचा मे म्हणजे ४५ अंशांची भट्टी! रेडिएटरचा जाड कोअर (पाणी थंड करणारी जाळी) टाकला तरी चढावर तापमानाचा काटा लालकडे सरकायचा. पंख्यामागच्या फटीतून इंजिनाची गरम हवाच फिरून पुन्हा पुढे येत होती. पंख्याभोवती पत्र्याचं श्राउड, म्हणजे हवा अडवणारं कडं, ठोकून घेतलं, कडेला रबराची पट्टी लावली. काटा मध्यावर थांबला.

कमिन्स कमी आरपीएमवर (कमी फेऱ्यांवर) ओढतं, त्यामुळे जुन्या क्राउन-पिनियनवर, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या जोडीवर, टॉप स्पीड घटला. शाळेच्या सहलींना काय करायचाय तो स्पीड? तसाच ठेवला. ब्रेकचे लायनर मात्र त्याच खेपेला नवे टाकले.