गोऱ्हा औताला धरताना या चुका टाळा

मृग तोंडावर आला की लोकांना आठवण होते, खोंड, म्हणजे अजून औताला न धरलेला तरुण बैल, शिकवायचा राहिलाच. मग चार दिवसांत त्याला कुळवाला, म्हणजे रान भुसभुशीत करायच्या औताला, जुंपायची घाई. अहो, खोंड शिकवायचे दिवस सुगी उरकल्यावरचे, माघ-फाल्गुनातले. तेव्हा रान मोकळं असतं आणि माणसाचं डोकंही थंड असतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे दोन्ही नवे खोंड एकाच जुवाखाली धरणं. माझ्या हातून हीच झाली. आमच्या माणदेशात खिल्लार जोडीची भारी हौस. दोघं एका वयाचे, दुदाती, म्हणजे नुकते दोन पक्के दात आलेले. पेरणी अडली म्हणून थेट कुळवाला धरले. रान ओलं, कुळव खोल लागलेला. एक पुढं ओढतोय, दुसरा मागं रेटतोय. तिसऱ्या फेरीला डावीकडचा खाली बसला. भावानं शेपूट पिरगाळलं, मी पराणी टोचली. तो उठेना, शेवटी जू सोडलं. बसलं की जू निघतं, एवढं तो त्या दिवशी शिकला. पुढं औताला धरा नाहीतर गाडीला, चार पावलांवर बसायचा. बसका म्हणून बाजारात निम्म्या किमतीला गेला. त्या मुक्या जनावराचा काही दोष नव्हता.

तेव्हापासून नवा खोंड मी जुन्या, शांत बैलाशेजारीच धरतो. पहिले आठ दिवस मानेवर नुसतं जू, मागं काही नाही. मग बाभळीचा ओंडका, मग रिकामी गाडी. अर्ध्या तासाच्या वर एक मिनिट नाही. आणि सोडायचा तो चांगला चालत असताना, अडल्यावर कधीच नाही.

वेसण टोचली की लगेच कासरा ओढू नका. जखम भरायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर म्होरकीवर, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या दोरीवर, फिरवा. नाक चिघळलेला खोंड तोंडाला हात लावू देत नाही.

जुवाला आज उजवीकडे, उद्या डावीकडे असं करू नका. एकच बाजू ठेवा.

नांगर चारदाती झाल्याशिवाय, म्हणजे चार पक्के दात आल्याशिवाय नको.

बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा असेल तर गावठी ठेचाठेची बंद करा. डॉक्टरांकडून चिमट्यानं करून घ्या आणि सूज उतरेपर्यंत जू लांब ठेवा.

खांद्याची हयगय मला बघवत नाही. खडबडीत किंवा पावसात भिजलेलं जू कोवळ्या खांद्याचं कातडं सोलतं. बेंदराला हळद-तूप लावून खांदे मळायचे आणि वर्षभर तिकडं बघायचंच नाही, हे कसलं प्रेम? मी रोज जू उतरलं की तळहातानं खांदा चाचपतो. गरम लागला की दुसऱ्या दिवशी सुट्टी, मग पेरणी का अडेना.