मॅन पानातल्या ठळक अक्षराचं एचटीएमएलमध्ये काय करायचं?

जळगावच्या आमच्या लॅबमध्ये पोरं यावल, रावेर, चोपड्याहून एसटीनं येतात. कमांड वाचायच्या त्या गाडीतच, मोबाइलवर. म्हणून लागणारी मॅन पानं, म्हणजे युनिक्स-लिनक्समधली कमांडची माहितीपानं, मी एचटीएमएल करून ठेवतो. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाकायच्या.)

आधी मूळ फाइल गाठा. ‘मॅन -डब्ल्यू ग्रेप’ (ग्रेप म्हणजे मजकूर शोधणारी कमांड) म्हटलं की पत्ता मिळतो, शेवटी .जीझेड असेल तर ‘झेडकॅट’नं उघडा. सुरुवातीचे शेरे सोडून पहिली ओळ पाहा. ‘.डीडी’ असेल तर पान एमडॉक या मॅक्रोसंचात (मॅक्रो म्हणजे टिंबानं सुरू होणारी खूण) लिहिलेलं, म्हणजे नशीब चांगलं. त्यात .एफएल म्हणजे पर्याय, .एआर म्हणजे आर्ग्युमेंट, .एक्सआर म्हणजे दुसऱ्या पानाचा दुवा, हे लिहिणाऱ्यानंच सांगून ठेवलेलं असतं. ‘मॅनडॉक -टी एचटीएमएल’ चालवा, काम झालं.

‘.टीएच’ दिसलं तर जुना मॅन मॅक्रोसंच. हा 1979 च्या सातव्या युनिक्सपासूनचा, कागदावर छापण्याच्या हिशेबानं बांधलेला. ग्रॉफ हा अशी पानं मांडून देणारा प्रोग्रॅम; ‘ग्रॉफ -मॅन -टीएचटीएमएल’ लावलंत तर पर्यायांची यादी टेबलात कोंबलेली मिळते आणि परिच्छेदांना टक्क्यांत समास. मोबाइलवर ते वाचवत नाही. मी त्या वाटेला जात नाही.

खरी गंमत .बीआर मध्ये आहे. हा मॅक्रो एक शब्द ठळक, पुढचा साधा, असं आलटून पालटून छापतो. ग्रेपच्या पानात ‘-आय’ या पर्यायालाही तोच आणि शेवटी ‘सेड (1)’ हा दुसऱ्या पानाचा उल्लेख लिहायलाही तोच. दोन्हीकडे नुसतं ठळक करणारा बी टॅग लावून मोकळे झालात तर एक पोरगं नक्की विचारणार, “सर, हाई काय शे?” म्हणून आजूबाजूला बघून ठरवा. .टीपी च्या लगेच खालची ओळ असेल तर तो पर्याय: अख्खी यादी एचटीएमएलच्या एका डीएल टॅगमध्ये, पर्याय डीटी मध्ये कोड टॅग लावून, स्पष्टीकरण डीडी मध्ये. डीटी ला आयडी द्याच, म्हणजे थेट ‘-आय’ वर नेणारी लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकता येते. शब्दामागे कंसात आकडा असेल तर तो दुवा, ए टॅग. (2023 च्या ग्रॉफ 1.23 मध्ये दुव्यासाठी वेगळा .एमआर आला, पण जुनी पानं कोण बदलणार?) तिरपं अक्षर बहुतेक वेळा वापरणाऱ्यानं भरायची जागा असते, तिथे व्हार टॅग.

बाकीचं सरळ. पानाचं नाव एच1, .एसएच (मथळा) ला एच2, .एसएस (उपमथळा) ला एच3. .एनएफ ते .एफआय मधला, ओळी जशाच्या तशा ठेवायचा मजकूर प्री मध्ये. कोनी कंस आणि अँपरसँड एस्केप करा, नाहीतर सिनॉप्सिसमधला (कमांड कशी लिहायची त्या नमुन्यातला) अर्धा मजकूर ब्राउझर गिळून टाकतो.

रेघेकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. उलट्या तिरप्या रेघेसकट आलेली रेघ म्हणजे कीबोर्डवरचं मायनस. नुसती रेघ असेल तर ग्रॉफ तिचं छपाईचं हायफन करू शकतो. दिसायला दोन्ही सारखी, पण ते हायफन कॉपी करून टर्मिनलवर टाकलंत तर कमांड त्याला पर्याय मानत नाही. म्हणून पान तयार झालं की त्यातली एक कमांड उचला, टर्मिनलवर चिकटवा आणि चालवून बघा. चालली तरच पोरांना पाठवा.