बांध सोडू नका : ईपर ते नीउपोर्ट सायकलवरून कसं फिरावं

पहिल्या महायुद्धाची बेल्जियममधली आघाडी सायकलवरून बघायची म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘देश सपाट आहे, मोबाइलवर नकाशा लावा आणि निघा.’ दुसरा, ‘ईपरला एक दिवस पुरे.’ दोन्ही ऐकू नका. पहिला सल्ला ऐकलात तर ट्रकांच्या रस्त्यावर जाऊन पडाल. दुसरा ऐकलात तर ईपरच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीचा फोटो तेवढा मिळेल.

पश्चिम फ्लँडर्समध्ये मोटारींपासून लांब राहायचं असेल तर बांध धरून चालायचं. कालव्याचा बांध, आयझर नदीचा बांध, बंद पडलेल्या रेल्वेचा भराव. समुद्राकडच्या त्या सखल, ओल्या मुलखात उंचवटा म्हणून एवढाच. १९१४ च्या शरदात सैन्यं याच उंचवट्यांच्या आडोशाला अडकली आणि आघाडीची रेषा पुढची चार वर्षं बरीचशी तिथंच राहिली. आज त्याच बांधांवरून सायकलचे रस्ते जातात. त्यामुळे स्मारकं शोधायला आडवाटेला जावं लागत नाही, ती वाटेवरच भेटतात.

१. वेळ, सायकल, मुक्काम

एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत, नाहीतर सप्टेंबर. सायकल साधी, गियरची, मडगार्ड आणि घंटी असलेली. ती तिथंच भाड्यानं घ्या, भारतातून खोक्यात घालून नेण्याचा खटाटोप करू नका. मुक्काम ईपर आणि डिक्समाउडे इथं. दोन्ही गावांना रेल्वे स्टेशन आहे. गाडीत सायकलचं वेगळं तिकीट लागतं, घडीच्या सायकलला लागत नाही.

२. वाहतुकीच्या दोन गोष्टी

उजवीकडून चालवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की जिथं पाटी किंवा खूण नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. शेतातल्या बारक्या रस्त्यावरून ट्रॅक्टर आला तरी त्याचाच. प्रत्येक चौकात उजवीकडे मान वळवायची सवय पहिल्याच तासात लावून घ्या.

३. आकड्यांची साखळी : इथं वेळ घालवा

सगळा प्रवास या टप्प्यावर ठरतो. मलाही सुरुवातीला इथंच सगळ्यात जास्त झगडावं लागलं, म्हणून सविस्तर सांगतो.

फ्लँडर्सभर सायकलींसाठी नाक्यांचं जाळं आहे. १९९५ मध्ये लिम्बुर्ग प्रांतात त्याची सुरुवात झाली. कल्पना ह्युगो बोलेन या खाणअभियंत्याची. दोन सायकलरस्ते मिळतात त्या प्रत्येक नाक्याला एक आकडा दिलेला असतो. नाक्यावर पोहोचलात की त्याचा आकडा दिसतो आणि शेजारच्या नाक्यांचे आकडे बाणांसकट दिसतात. समजा २३ वर आहात आणि पुढं ४१ गाठायचाय, तर ४१ च्या बाणामागं जायचं. मध्ये जिथं वळण असेल तिथंच पाटी लागते. पाटी नाही याचा अर्थ सरळ जा. गावांची नावं, रस्त्यांची नावं काही लक्षात ठेवावी लागत नाहीत. आकड्यांची यादी कागदावर लिहून हँडलजवळ चिकटपट्टीनं लावली की दिवसभराचं काम भागतं.

इतकं सोपं असेल तर अडचण कुठं? अडचण अशी की हे जाळं सायकलींसाठी आहे, पण ते सगळं मोटारमुक्त नाही. कुठल्याही दोन नाक्यांमधला तुकडा कालव्याचा बांध असू शकतो, शेतातला काँक्रीटचा रस्ता असू शकतो, किंवा मोठ्या रस्त्याच्या कडेनं रंगवलेली पट्टीही असू शकते. पाटीवरून ते कळत नाही. फीट्सनेटसारखा सायकलची वाट आखून देणारा संगणकी कार्यक्रम तुम्ही दोन गावं दिलीत की बहुधा सगळ्यात आखूड साखळी काढून देतो, आणि आखूड वाट आपल्या कामाची असेलच असं नाही. ईपरहून डिक्समाउडेला जाणारा एन ३६९ हा रस्ताच बघा. तो बरंच अंतर कालव्याला समांतर धावतो. साधा मोबाइल नकाशा खुशाल त्यावर ढकलतो आणि शंभर पावलांवरचा शांत बांध तुम्हाला दिसतही नाही.

म्हणून साखळी स्वतः बांधा. माझी पद्धत अशी आहे. आधी नकाशावर पाणी आणि जुन्या रेल्वेच्या रेषा शोधा : ईपर–आयझर कालवा, आयझर नदी, डिक्समाउडे–नीउपोर्ट रेल्वेचा भराव. मग या रेषांवर बसणारे नाके एकेक करून निवडा आणि गावातून बाहेर पडण्यापुरते बाकीचे जोडा. शेवटी प्रत्येक तुकडा उपग्रहाच्या चित्रावर मोठा करून बघा. ‘एन’ अक्षर लागलेल्या रस्त्याला चिकटलेला तुकडा दिसला की पर्याय शोधा, चार-पाच किलोमीटर वाढले तरी हरकत नाही. या सपाट प्रदेशात पाच किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं. ट्रकच्या वाऱ्यात घालवलेली वीस मिनिटं त्याहून फार लांब वाटतात.

तीन गोष्टी बजावून सांगतो. पहिली, आकडे ९९ च्या आतलेच असतात, त्यामुळे तोच आकडा थोड्या अंतरावर पुन्हा भेटतो. यादीत प्रत्येक आकड्यापुढं जवळच्या गावाचं नाव लिहाच. दुसरी, चौकामागून चौक गेले, वाट वळत राहिली, तरी एकही पाटी दिसली नाही तर पुढं जाऊन बघण्याच्या मोहात पडू नका. शेवटच्या दिसलेल्या पाटीपर्यंत मागं या. तिसरी, प्रवेशबंदीच्या पाटीखाली ‘uitgezonderd’ (म्हणजे ‘वगळून’) हा शब्द आणि सायकलचं चित्र असलेली छोटी पाटी असेल तर ती बंदी तुम्हाला नाही. पुष्कळ जण तिथून घाबरून परत फिरतात आणि साखळीतला सगळ्यात चांगला तुकडा गमावतात.

आणि ‘मोटारमुक्त’ रस्त्यावरही ट्रॅक्टर येतातच, ते त्यांच्या शेतात चाललेले असतात. शरदात बटाटा आणि बीटची काढणी चालू असते, तेव्हा काँक्रीटवर ओला चिखल पडलेला असतो. त्यावर ब्रेक दाबू नका, वळणाच्या आधीच वेग कमी करा.

४. ईपरभोवती

पहिला दिवस गावाच्या पूर्वेला. झोनेबेकेहून पासेनडालेकडे जुन्या ईपर–रूसेलारे रेल्वेची वाट जाते, ती टाइन कॉट या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या दफनभूमीजवळ नेते. जवळजवळ बारा हजार थडगी, त्यांतल्या आठ हजारांहून जास्त दगडांवर नाव नाही. परतताना लांगेमार्कची जर्मन दफनभूमी बघाच. तिथं चव्वेचाळीस हजारांहून अधिक सैनिक आहेत, त्यांतले जवळपास पंचवीस हजार एकाच सामूहिक थडग्यात. इंग्रजांच्या बाजूची ठिकाणं बघून परतणारे अर्धंच युद्ध बघतात.

शेताच्या कडेला किंवा खांबाशी गंजलेला तोफगोळा दिसेल. नांगराला आजही असे गोळे लागतात, आणि सैन्याचं पथक येऊन घेऊन जाईपर्यंत शेतकरी ते कडेला ठेवतात. हात लावू नका, पायानं सरकवू नका, फोटोसाठी जवळ वाकू नका. काहींत विषारी वायू आहे आणि शंभर वर्षांत तो निरुपद्रवी झालेला नाही.

संध्याकाळी आठ वाजता मेनिन गेटखाली बिगुल वाजतो. १९२८ पासून रोज, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याची वर्षं सोडून. अर्धा तास आधी उभे राहा, सायकल चौकातच लावून या. टाळ्या वाजवायच्या नाहीत. कमानीवर चौपन्न हजारांहून जास्त नावं आहेत, त्यांत भारतीय सैन्यातली चारशेहून अधिक. शेजारी तटावर भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारकही आहे. गर्दी पांगली की तिथं चढून जा.

५. कालव्यानं डिक्समाउडे

बूझिंगेपर्यंत कालवा, पुढं फोर्ट क्नोकेपाशी तो आयझरला मिळतो, मग नदीचा बांध. पंचवीसेक किलोमीटर. ईपर सोडल्यावर उजवीकडे, कालव्याच्या पूर्वेला जी शेतं दिसतात तिथं थोडं थांबा. २२ एप्रिल १९१५ ला जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि २६ तारखेला लाहोर डिव्हिजनच्या भारतीय पलटणींना याच उघड्या चढावरून हल्ल्याला पाठवलं. वायूपासून बचावाला धड मुखवटेही नव्हते. जमादार मीर दस्त यांना त्या दिवशीच्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. चढ इतका हलका आहे की सायकलवर जाणवतही नाही. खाली उतरून, शेताच्या पातळीवरून वर बघा, म्हणजे वरच्या जर्मन बंदुकांना किती लांबवरचं दिसत होतं ते कळेल.

डिक्समाउडेला आयझर टॉवर हे फ्लेमिश सैनिकांचं स्मारक आणि नदीकाठचा ‘मृत्यूचा खंदक’. दोन्ही बघा.

६. फ्रंटझाटे : रेल्वेच्या भरावावरून नीउपोर्ट

या दौऱ्यातला सगळ्यात सुंदर तुकडा. कासकेर्केपासून नीउपोर्टपर्यंत पंधराएक किलोमीटर, जवळजवळ सरळ रेषेत, मोटारींशिवाय. १९१४ च्या ऑक्टोबरअखेर बेल्जियन सैन्य या भरावामागं शेवटचा आसरा घेऊन बसलं होतं. भरावाखालच्या मोऱ्या बुजवल्या आणि नीउपोर्टचे पाणी अडवणारे दरवाजे भरतीच्या वेळी उघडून ओहोटीला बंद केले. रात्रीमागून रात्री समुद्राचं पाणी भराव आणि आयझर यांच्यामधल्या शेतांत चढत गेलं आणि जर्मनांना मागं हटावं लागलं. कुठलं पाणी कुठं जातं हे ठाऊक असलेला कारेल कोगे आणि दरवाजे चालवणारा नावाडी हेंड्रिक गेरार्ट, दोघंही साधी स्थानिक माणसं. सायकलवरून जाताना उजवीकडची शेतं मनानं पाण्याखाली घाला आणि डावीकडची कोरडी ठेवा. मग तुमच्या चाकाखालच्या या बुटक्या भरावाची किंमत कळते.

वाटेत पेर्वेझेला थांबा. एल्सी नॉकर आणि मेरी चिझम या दोघींनी तिथं आघाडीला अगदी लागून जखमींसाठी प्रथमोपचाराचं ठाणं चालवलं. रामस्कापेलेला जुन्या स्टेशनचे अवशेष राखून ठेवलेत.

झाडं नाहीत, आडोसा नाही. वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणजे जाताना डावीकडून बसतो. तो वायव्येचा झाला तर थेट तोंडावर. पाण्याच्या दोन बाटल्या आणि वाऱ्याचं जाकीट बरोबर हवंच. नीउपोर्टला रेल्वे नाही, किनाऱ्याची ट्राम आहे. परत सायकलनंच या, पण भरावावरून नको, आयझरच्या काठानं.

७. नव शापेल

मराठी माणसानं हा दिवस टाळू नये. फ्रान्समधल्या या गावात २८ ऑक्टोबर १९१४ ला खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या ४७व्या शीख पलटणीबरोबर घराघरांतून लढल्या. मुळात त्या खंदक आणि पूल बांधणाऱ्या कंपन्या, त्या दिवशी पायदळ म्हणून पाठवल्या गेल्या. त्यांचे गोरे अधिकारी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. तिथलं भारतीय स्मारक १९२७ चं, हर्बर्ट बेकर यांनी आखलेलं : कमळाचं शीर्ष असलेला उंच स्तंभ, दोन वाघ आणि भिंतीवर चार हजार सातशेहून जास्त नावं.

ईपरहून सायकलनं जाण्याचा सल्ला मी देत नाही. एका दिशेचं अंतर चाळीसेक किलोमीटर आणि शेवटी डी ९४७ हा वर्दळीचा रस्ता. त्याऐवजी लीलहून आगगाडीनं ला बासेला उतरा आणि व्हियोलेन, लोर्झी या खेड्यांमधून जा. स्मारक त्याच मोठ्या रस्त्याच्या चौकात आहे, पण त्याच्याशी गाठ शेवटच्या टप्प्यातच पडते.

नावं पलटणींनुसार कोरलेली आहेत. निघण्याआधी राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर ‘सॅपर्स अँड मायनर्स’ शोधून सातारा, रत्नागिरी, पुणे अशा जिल्ह्यांच्या नोंदी उतरवून घ्या. पुष्कळ नोंदींत वडिलांचं आणि गावाचं नाव असतं. यादी हातात नसेल तर एवढ्या नावांत आपलं गाव सापडत नाही. आणि परतीची गाडी सकाळीच बघून ठेवा, ला बासे हे छोटं स्टेशन आहे.