दुय्यम भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीची कारकीर्द कशी नोंदवावी

नायिकांची चरित्रे लिहिली जातात, पण ज्यांनी मैत्रिणीची, नणंदेची, शेजारणीची कामे केली त्यांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अशी एखादी आत्या, मावशी किंवा आजी असलेली घरे पुष्कळ आहेत. तिने चार-सहा चित्रपटांत लहानसहान भूमिका केलेल्या असतात आणि त्यांच्या कितीतरी पट अधिक रात्री गावोगावच्या नाटकांत काढलेल्या असतात. चित्रपटांच्या सूचीत तिचे नाव दोन ओळींत आटोपते. तेवढ्यावरून तिची कारकीर्द लिहिली तर ती केवळ अपुरी नव्हे, चुकीची होते. म्हणून अशा नोंदीचा पाया चित्रपट न धरता प्रयोग धरावा, आणि प्रत्येक प्रयोगापुढे तारीख, गाव, भूमिका आणि पुरावा या चार गोष्टी मिळतील तेवढ्या लिहाव्यात.

कामाला आरंभ घरातल्या ट्रंकेपासून करावा आणि तो पावसाळ्यात करू नये. किनारपट्टीच्या दमट हवेत जुना कागद ओलावा धरतो, हाताळताना फाटतो, आणि कसर व वाळवी यांनी आधीच अर्धे काम केलेले असते. तेव्हा दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचा कोरडा काळ बरा. ट्रंक माळ्यावरून उतरवून पडवीत, उजेड असेल पण ऊन लागणार नाही अशा जागी उघडावी. कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मागच्या बाजूस पेन्सिलीने बारीक आकडा घालावा, कारण बिनतारखेच्या कागदाचा काळ कधीकधी त्याच्या शेजारच्या कागदावरून कळतो. प्रत्येक कागदाचे मोबाइलवर पुढून आणि मागून छायाचित्र घ्यावे. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का किंवा कोणाच्या तरी हातची एखादी ओळ असते, आणि बऱ्याचदा ती पुढच्या चेहऱ्याइतकीच कामाची ठरते. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेवरूनच त्याचे छायाचित्र घ्यावे. लॅमिनेशन आणि सेलोटेप या दोन्ही गोष्टींपासून दूर राहावे.

ट्रंकेतला सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे नाटकाची हँडबिले. त्यांची एक मोठी अडचण अशी, की छापणाऱ्याला वर्ष घालण्याची गरज वाटलेली नसते. मालवण तालुक्यातल्या एखाद्या मंडळाच्या हँडबिलावर ‘शनिवार दि. १४ फेब्रुवारी रोजी रात्रौ ठीक ९॥ वाजता’ एवढेच छापलेले आहे, तिकिटाचे दर ‘५० नये पैसे’ आहेत आणि पत्त्यात ‘जि. रत्नागिरी’ आहे, असे समजू. मालवण आज ज्यात मोडते तो सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, म्हणजे कागद बहुधा त्याआधीचा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि त्यांच्या नावातला ‘नये’ हा शब्द १ जून १९६४ पासून गळला, म्हणजे कागद बहुतकरून या दोन तारखांच्या मधला. आता वार पाहावा. १९५० ते १९७० या काळात १४ फेब्रुवारीला शनिवार १९५३, १९५९ आणि १९७० या तीनच वर्षी आला. त्यांतले १९५९ तेवढे वरच्या चौकटीत बसते. तिथी आणि शक छापलेला असेल तर ताळा आणखी पक्का होतो: चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवावेत आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९, म्हणजे शके १८८० मधला माघ हा १९५९ सालचा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड दिसला तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. उलट, आण्यांत दिलेला दर पाहून कागद १९५७ पूर्वीचा असे ठरवू नये, कारण लोकांच्या तोंडी आणि छपाईतही आणे पुढे बरीच वर्षे टिकले. जत्रेवरून तारीख काढतानाही जपावे. कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीला असते, तेव्हा पंचांग उघडले की काम होते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस मात्र तिथीला बांधलेला नसून दरवर्षी कौल घेऊन ठरतो, तिथे पंचांगाचा उपयोग नाही.

यानंतरचा मोठा घोळ नावांचा असतो. माहेरचे नाव, सासरचे नाव, रंगमंचावरचे नाव आणि चित्रपटवाल्यांनी ठेवलेले नाव अशी एकाच बाईची चार नावे सापडतात. नामवंतांतही हे होतेच: मीनाक्षी शिरोडकर मूळच्या रतन पेडणेकर, हंसा वाडकर मूळच्या रतन साळगावकर, आणि बांदोड्याच्या दुर्गा केळेकर पुढे ज्योत्स्ना भोळे झाल्या. म्हणून पहिल्या पानावर नावांचा तक्ता करावा आणि कोणते नाव कोणत्या कागदावर पहिल्यांदा व कोणत्या कागदावर शेवटी दिसते ते लिहावे. नावामागे ‘कु.’ आहे की ‘सौ.’ यावरून लग्नाचे वर्ष काढण्याचा मोह आवरावा. लग्नानंतरही हँडबिलावर ‘कु.’ चालू ठेवण्याची रीत सर्रास होती. नुसते आडनाव जुळले म्हणून दोन बायका एक समजू नयेत, आणि नाव बाईचे दिसले म्हणून ते काम बाईनेच केले असेही धरू नये. दशावतारात स्त्री भूमिका पुरुषच करत आले आहेत, आणि गावच्या जुन्या नाटकांतही स्त्रीपार्टी पुरुषच करत. त्यामुळेच पुढे ‘स्त्री भूमिकेत स्त्री कलाकार’ असे हँडबिलावर ठळक छापण्याची वेळ आली.

या ठिकाणी गावच्या नाटकाची व्यवस्था समजून घेतली पाहिजे, नाहीतर हाती आलेल्या नोंदींचा अर्थ लागत नाही. गावचे हौशी मंडळ पुरुषपात्रे घरची उभी करी आणि एक किंवा दोन अभिनेत्री मुंबईहून किंवा कोल्हापूरहून ‘नाईट’, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचा मोबदला, ठरवून आणी. गिरणगावात राहणारे चाकरमानी परळच्या दामोदर हॉलसारख्या ठिकाणी नाटके करत आणि पाहत, त्यांना या बायका ठाऊक असत, आणि गावाला नाव सुचवणारे बहुधा तेच असत. बाई प्रयोगाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी पोचे, एखादी तालीम होई आणि रात्री पडदा वर जाई. हे जमे, कारण चार-पाच लोकप्रिय नाटकांतली स्त्री भूमिका तिला तोंडपाठ असे. समोरचे नट बदलत, तिचे शब्द तेच राहत. तेव्हा एकाच नाटकाची एकाच हंगामातली सहा गावांची हँडबिले सापडली तर ती एक भूमिका आणि सहा प्रयोग अशी लिहावीत. तिच्या कामाचे खरे माप या आकड्यात आहे. अनोळखी नटांबरोबर, एका तालमीवर, माइक दगा देत असताना तीन अंकी नाटक पार पाडणे हे कौशल्य चित्रपटातल्या दोन दृश्यांहून मोठे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्रपटांचे काम त्या मानाने लवकर उरकते. जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिकेत पात्रांची नावे छापलेली असतात, आणि चित्रपट उपलब्ध असल्यास श्रेयनामावली थांबवून वाचता येते. मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या निघालेल्या चित्रपटांत विशेष जपावे. प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ म्हणून काढला, तसे इतरही झाले, आणि दुय्यम पात्रे दोन्हींत तीच असतील असे गृहीत धरता येत नाही. समूहनृत्यातल्या मुलींची नावे बहुधा छापली जातच नसत. कारवारच्या मुलखातून आलेल्या जयश्री गडकर यांनीही आरंभी समूहनृत्यात काम केले होते, मग इतरांची काय कथा. अशा वेळी घरच्यांनी चेहरा ओळखला असल्यास तसे स्पष्ट लिहावे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालचे आहे. चित्रपटाचे नाव आणि वर्ष हाती घेऊनच तिथे विचारणा करावी.

जिल्ह्यातली वाचनालये याहून जवळची आणि माझ्या मते अधिक फलदायी. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. चिपळूणला २००५ आणि २०२१ च्या पुरांनी ग्रंथसंग्रहाचे मोठे नुकसान केले, म्हणून तिथे जाण्याआधी काय शिल्लक आहे ते विचारून घ्यावे. वृत्तपत्रांच्या फायलींपेक्षा नाट्यमंडळांच्या रौप्य आणि सुवर्ण महोत्सवी स्मरणिका आधी मागाव्यात, कारण ‘आम्ही केलेली नाटके’ अशी वर्षवार यादी त्यांतच मिळते. राज्य नाट्य स्पर्धेतले अभिनयाचे प्रमाणपत्र किंवा पदक घरात असेल तर त्यावरचे केंद्र आणि वर्ष टिपावे. निकालाची बातमी त्या दिवसांच्या अंकांत हमखास येते. नाटकांच्या संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा क्रमांक हँडबिलावर असला तर त्यातून संहितेचा माग लागतो, पात्रयोजनेचा नव्हे.

अभिनेत्री हयात असेल तर कागद लावून झाल्यावरच तिच्यापुढे बसावे. ‘तुमच्या कारकिर्दीबद्दल सांगा’ असे विचारले की ती ‘काय सांगू, केली थोडीफार कामे’ म्हणून मोकळी होते. त्याऐवजी एक हँडबिल हातात द्यावे आणि ‘मावशी, ह्या नाटकाक तुमी खंय उतरलेलास? प्रॉम्प्टिंगाक कोण होतो?’ असे तिच्याच बोलीत विचारावे. राहण्याची जागा, जेवण, साडी स्वतःची की मंडळाची, नाईटचे पैसे पडदा उघडण्यापूर्वी मिळाले की नंतर, असे बारीक प्रश्न विचारले की तारखा आपोआप निघतात. तिने सांगितलेले वर्ष आणि कागदावरचे वर्ष जुळले नाही तर वाद न घालता दोन्ही लिहून ठेवावीत. कित्येक घरांत या कामाबद्दल कधी बोलले जात नसे, आणि मुलांना ते आजही अवघड वाटते. तिने जे छापू नका म्हटले ते छापू नये, आणि ती हयात नसल्यास निकटच्या नातलगांना मजकूर आधी दाखवावा.

लिहिताना प्रत्येक नोंदीपुढे पुराव्याची प्रतवारी मांडावी: छापील कागद असल्यास ‘क’, दोन माणसांची स्वतंत्र आठवण असल्यास ‘ख’, एकाचीच असल्यास ‘ग’. ‘गाजलेली’, ‘लोकप्रिय’, ‘आघाडीची’ ही विशेषणे गाळावीत. ती दुय्यम भूमिका करत होती हे सरळ लिहिल्याने तिचे काहीच उणे होत नाही, उलट फुगवलेल्या मजकुरामुळे खऱ्या नोंदीही संशयास्पद होतात. मधली वर्षे रिकामी असतील तर ती रिकामीच सोडावीत आणि बाळंतपण, सासर, आजार अशी कारणे आपल्या मनाने भरू नयेत. तयार टिपणाच्या तीन प्रती काढाव्यात: एक घरी, एक तालुक्याच्या वाचनालयात, आणि एक पुराच्या पाण्यापासून दूर राहणाऱ्या नातलगाकडे. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर टिपण कोणत्या तारखेपर्यंतचे आहे ते घालावे, आणि नवे हँडबिल सापडल्यास कळवण्यासाठी मंडळाचा किंवा वाचनालयाचा पत्ता द्यावा.