या चुका टाळा: पॅन-आधारचा सेट मागेल त्याच्या हातात ठेवू नका

रिटर्न भरायचा मोसम आला की माझ्या टेबलावर तेच तेच प्रकार येतात. कुणाच्या नावावर न घेतलेलं कर्ज निघतं, कुणाच्या नावावर न काढलेलं सिमकार्ड, कुणाच्या पॅनवर कधीही न केलेला धंदा. आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, माझं कुणीतरी हॅक केलंय." बहुतेक वेळा कुणी काही हॅक केलेलं नसतं. कागद आपणच दिलेले असतात, ओटीपीही आपणच सांगितलेला असतो. कुणाला आणि कशासाठी, एवढंच आठवत नसतं. मी तालुक्याच्या गावात कर सल्लागार आहे, संगणकतज्ज्ञ नाही. पण या प्रकारांचं शेवटचं टोक, म्हणजे नोटीस, माझ्याकडेच येतं. त्यामुळे सुरुवात कुठे झाली हे उलटं शोधत जायची सवय लागली आहे.

कागदांचा सेट कुठेही देणं

पॅन, आधार, दोन फोटो, लाइट बिल, कॅन्सल चेक. पाच-सहा झेरॉक्सचा हा सेट लोक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरतात. नोकरीला लावणारा एजंट, फायनान्सवाला, भाड्याच्या खोलीचा दलाल, कुणीही "सेट द्या" म्हणाला की पिशवी उघडते. कशाला हवाय, कुठे ठेवणार, काम झाल्यावर परत देणार का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर काम अडेल अशी भीती असते.

इचलकरंजीकडचा एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे जीएसटीची कारणे दाखवा नोटीस घेऊन आला होता. रिटर्न भरण्याइतकंही त्याचं उत्पन्न नव्हतं. नोटिशीत त्याच्या नावाची भंगाराचा व्यापार करणारी फर्म होती, पत्ता परराज्यातला, आणि बिलं कोट्यवधींची. तो नोटीस हातात धरून नुसता बसला होता. घरी बायकोला अजून सांगितलं नव्हतं.

त्याला बोलतं करायला वेळ लागला. नोकरीच्या शोधात असताना एका एजंटाने "कंपनीत हेल्परची भरती आहे" म्हणून सेट घेतला होता. मग फोन करून "आता मेसेज येईल, त्यातला नंबर सांग" असं म्हणून ओटीपी घेतला, थोड्या वेळाने आणखी एक. नोकरी काही लागली नाही आणि एजंटाचा फोनही लागला नाही. याने ते सोडून दिलं. पैसे गेले नव्हते, म्हणून फसवणूक झाली असं त्याला वाटलंच नाही.

यामागचं गणित समजून घ्या. बोगस फर्म माल न पाठवता नुसती बिलं फाडते. बिल घेणारा त्यावर दाखवलेल्या, प्रत्यक्षात न भरलेल्या कराची वजावट घेतो. काही महिन्यांत फर्म गायब होते आणि जीएसटी खातं चौकशी करत पॅनधारकापर्यंत येतं. जीएसटी नोंदणीला पॅन, आधार, फोटो, जागेचा पुरावा आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो. म्हणजे त्या एजंटाला जे हवं होतं ते सगळं या पोराने एका दुपारी स्वतःच्या हाताने दिलं होतं.

आम्ही सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, कारखान्याच्या हजेरीपत्रकाच्या नकला आणि बँकेचे उतारे जोडून नोटिशीला उत्तर दिलं, नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज केला. प्रकरण मार्गी लागलं, पण फार हेलपाटे घालून. प्रत्येक हेलपाट्याला त्याचा एक खाडा. त्या खाड्यांची भरपाई देणारं कुणी नाही, आणि मला याचा आजही राग येतो.

माझी स्वतःची पद्धत सांगतो. कोणतीही झेरॉक्स कोरी देत नाही. कार्डाच्या चित्रावरूनच तिरकं लिहितो: कुणाला दिली, कशासाठी, तारीख, आणि खाली सही. अक्षरं फोटोवर आणि मजकुरावर आली पाहिजेत. कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत लिहिलं तर कापून टाकता येतं. याने चोर पूर्णपणे थांबतो असं नाही, पण तो कागद दुसरीकडे वापरणं अवघड होतं, आणि उद्या वाद झाला तर तो कुठून बाहेर पडला हे दाखवता येतं. शिवाय एका वहीत नोंद ठेवतो. लोकांना ही वही जास्तीची वाटते. नोटीस आल्यावर मात्र प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारतो, "कुणाकुणाला दिलं होतं?", आणि उत्तर कुणाकडेच नसतं.

आधारच्या बाबतीत मास्क केलेली प्रत द्या. 'माय आधार' संकेतस्थळावरून डाउनलोड करताना तसा पर्याय निवडता येतो आणि बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने सरसकट झेरॉक्स देऊ नका, मास्क केलेली प्रत द्या, असं पत्रक काढलं होतं. गैरसमज होईल म्हणून ते दोनच दिवसांत मागे घेतलं गेलं, आणि लोकांनी लक्षात ठेवलं ते मागे घेतल्याचं. मास्क केलेल्या प्रतीची सोय तेव्हाही होती आणि आताही आहे. लॉजवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, मंगल कार्यालयाचं बुकिंग, इथे पूर्ण नंबराची काहीही गरज नसते.

आणि ओटीपीचा मेसेज आला की नुसते अंक वाचू नका. तो कुणाकडून आणि कशासाठी आलाय हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. भरतीसाठी जीएसटीचा ओटीपी लागत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात फाइल सोडून येणं

आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवायची, प्रिंट घ्यायची आणि निघायचं. फाइल त्याच्या फोनमध्येही राहते आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरही. तिला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल हाच तो पासवर्ड असतो, आणि प्रिंटसाठी तुम्ही तो दुकानात मोठ्याने सांगितलेला असतो. समोर उभं राहून डाउनलोड आणि चॅट दोन्हीकडून डिलीट करून घ्या. मागे रांग असली तरी.

जुना नंबर तसाच सोडून देणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती शिकलेली माणसं करतात आणि आपल्या आईवडिलांच्या बाबतीत करतात.

मुलगा पुण्यात नोकरीला. दिवाळीला येताना वडिलांना नवा फोन आणि चांगला प्लॅन असलेलं नवं सिम आणतो. जुन्याचा रिचार्ज बंद. बँकेत जुनाच नंबर, आधारला जुनाच, पेन्शनला जुनाच. "करू सावकाश" म्हणून राहून जातं. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत. त्यानंतर तो रीतसर नव्या ग्राहकाला मिळू शकतो. त्या नव्या ग्राहकाने काहीही चोरलेलं नसतं. पण तुमच्या वडिलांच्या खात्याचे मेसेज आणि ओटीपी त्याच्या हातात पडू लागतात. तो सज्जन असेल तर वैतागून मेसेज पुसतो. नसेल तर?

आमच्या भागातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत हे घडलं. खात्यातून थोडी थोडी रक्कम जात होती आणि मेसेज भलत्याच माणसाला. पासबुक भरायला बँकेत गेले तेव्हा कळलं. मुलगा बँकेच्या मॅनेजरवर ओरडत होता. मॅनेजरने शांतपणे फॉर्म पुढे केला. त्यावर जुनाच नंबर होता, बदलण्याचा अर्ज कुणी केलेलाच नव्हता.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी बँक, आधार, आयकर पोर्टल, पीएफ, विमा, गॅस, सगळीकडे नवा नंबर लावा. प्रत्येक ठिकाणाहून नव्या नंबरवर मेसेज आला याची खात्री करा. तोवर जुन्या सिमवर सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारत राहा. त्यात जाणारे पैसे वाया जातात असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, पण त्याचं काम करताना नंबर बदलल्याची पोच मागतो.

चालू नंबरची रेंज अचानक गेली, शेजाऱ्याला त्याच कंपनीची रेंज आहे आणि तुमच्याच फोनवर नाही, तर फोन बंद-चालू करत तासभर घालवू नका. तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम निघालेलं असू शकतं. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवा, मग मोबाइल कंपनीला.

एका ओळीतल्या गोष्टी

आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवा; आधारवर अंगठा लावून पैसे काढण्याच्या सोयीत ओटीपी लागत नाही, आणि २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमविक्रेत्याने जमीन नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून हजारो सिम सुरू केली होती.

व्हॉट्सॲपवर आलेलं लग्नाचं निमंत्रण किंवा गाडीचं चलन एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) असेल, तर उघडू नका, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तो कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो.

घरातल्या लहानांच्या आधारचे फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकू नका. शिक्षकांनी मागितले तर त्यांना स्वतंत्र पाठवा.

वर्षानुवर्षं बघतच नाही

कागद कितीही जपले तरी एखादा निसटतो. मग लवकर कळणं महत्त्वाचं. लक्ष्मीपूजनाला दुकानात नवी वही घातली जाते, त्याच आठवड्यात मी माझं आणि घरच्यांचं सगळं तपासतो. सलग बसलं तर एका दुपारचं काम आहे.

पहिलं, क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद. आपल्याकडे सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या तो ठेवतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ पासून प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. नुसता स्कोअर बघून खूश होऊ नका. खालची खात्यांची यादी वाचा, आणि कुणी तुमच्या नावाने कर्जाची चौकशी केली तीही यादी वाचा. न घेतलेलं दोन-तीन हजारांचं ॲपवरचं कर्ज तिथेच सापडतं. मग गृहकर्जाच्या वेळी बँक नाही म्हणते तेव्हा धावाधाव होत नाही.

दुसरं, आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण. तुमच्या पॅनवर झालेली जमीन खरेदी, शेअर, व्याज, धंद्याची उलाढाल त्यात दिसते. ओळखीची नसलेली नोंद असेल तर ती आपली नाही असं तिथेच कळवता येतं.

तिसरं, जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोधा. लॉगिन लागत नाही. तुमच्या पॅनवरच्या नोंदण्या दिसतात आणि तुमची नसलेली नोंदणी तिथूनच रिपोर्ट करता येते. इचलकरंजीच्या त्या पोराने हे एकदा जरी बघितलं असतं तर नोटिशीच्या कितीतरी आधी कळलं असतं. पण त्याला हे सांगणारं कोण होतं? म्हणून घरात काम करणाऱ्या मावशी, दुकानातला पोरगा, शेतावरचा गडी यांचंही तुम्ही बसून तपासून द्या.

चौथं, सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच "माझा नाही" म्हणून कळवा.

झाल्यावर घाई करणं

कर्ज आपलं नाही हे कळलं की लोकांना ते त्याच आठवड्यात पुसून हवं असतं. मग "सिबिल क्लिअर करून देतो" अशी जाहिरात दिसते. हा माणूस फी घेतो, आणि कामासाठी म्हणून पुन्हा पॅन, आधार आणि ओटीपी मागतो! एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा फसताना बघणं फार वाईट. पैसे घेऊन रिपोर्टमधली नोंद पुसता येत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने होकार दिल्याशिवाय क्रेडिट कंपनी ती बदलत नाही.

खरा रस्ता लांब आहे पण सरळ आहे. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, लगेच. पोरांना विचारून, मित्रांना विचारून मग नको. रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आत अडवायची असते. त्याच वेळी बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तरी कळवा, कारण कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. लाजेपोटी गप्प बसलेल्यांचं दुप्पट जातं.

पैसे गेले नसतील, नुसतं नाव वापरलं असेल, तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी (66C) खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. "पैसे गेले नाहीत ना, मग जाऊ द्या" असं कुणी म्हणालं तर हे कलम सांगा.

नंतर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि क्रेडिट कंपनीला एकाच दिवशी लेखी पाठवा, तक्रारीची प्रत जोडून. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे, पण ती मागायला पहिल्या तक्रारीची तारीख सिद्ध करावी लागते. फोनवर "नोंद केली आहे" एवढं ऐकून ठेवू नका. तक्रार क्रमांक मागा, ईमेलवर मागा, आणि ती ईमेल छापून फायलीत लावा. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज फुकट करता येतो, आणि तिथे हीच फाइल जोडायची असते.